म्हातारा जेवतो केव्हां?

आजकालच्या मुलांच्या खेळांत एक म्हातारा असतो. हे खेळ म्हणजे विटीदांडू किंवा सोंगट्या नव्हेत. संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे, राक्षस, चेटकिणी व मंतरलेल्या तरवारी यांनीं गजबजलेले अद्भुत खेळ. ज्या घरांत शाळकरी वयाचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांतील वडील मंडळींनीं या म्हाताऱ्याला जातां येतां पाहिलेलें असतें. त्याची ओळख करून घेण्याची तसदी मात्र क्वचितच घेतलेली असते. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अंगांत पायघोळ झगा, हातांत कांठी, आवाज खोल आणि बोलणें संथ, अशा थाटांत तो एखाद्या गुहेंत, पडक्या देवळांत, गांवच्या चौकांत किंवा डोंगराच्या माथ्यावर उभा असतो. खेळाचा नायक, म्हणजे वस्तुतः खेळणारा मुलगाच, आपण कोण व कोठें जावयाचें याची दाद नसलेल्या अवस्थेंत त्या जगांत येऊन पडतो. म्हातारा त्याला ओळखतो, त्याच्या कुळाची हकीकत सांगतो, तरवार हातीं देतो, राक्षसाचें घर कोणत्या दिशेला आहे तें दाखवितो आणि बाजूला होतो. पुढें बहुधा तो मरतो.

ही मूर्ति कांहीं या खेळांनीं घडविलेली नाहीं. अशा मार्गदर्शकास इंग्रजींत जो ‘मेंटॉर’ शब्द रूढ आहे, तो होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांतील एका म्हाताऱ्याचें नांव होय. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धास जातांना आपलें घर याच्या हवालीं करून गेला. परंतु गंमत अशी कीं, त्या काव्यांत ओडिसियसच्या मुलाला जी शहाणपणाची सल्लामसलत मिळते, ती देते अथीना देवी, मेंटॉरचें रूप घेऊन. खुद्द मेंटॉरच्या हातून घर राखलें गेलें नाहीं तें नाहींच. मागणीदार दिवसाढवळ्या तें खाऊन फस्त करीत होते. पुढें १६९९ सालीं फेनेलॉन या फ्रेंच ग्रंथकारानें त्याच मुलाच्या प्रवासावर एक कादंबरी प्रसिद्ध केली आणि तींत मेंटॉरला इतकें बोलतें केलें कीं, त्याचें विशेषनाम सामान्यनाम होऊन बसलें. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मधील गॅन्डॉल्फ हा त्याचा अलीकडचा वंशज, आणि खेळांतील बहुतेक दाढीवाले या गॅन्डॉल्फचे वंशज. आमच्याकडे तर या मूर्तीची वाण कधींच नव्हती. विश्वामित्र दशरथाच्या दरबारीं येतो, सोळा वर्षेंही पुरीं न झालेला राम मागून नेतो, वाटेंत त्याला बला व अतिबला या विद्या देतो, त्राटिकेच्या वनाशीं आणून उभा करतो आणि नंतर अस्त्रें देतो. एवढा भाग जसाच्या तसा उचलून पडद्यावर ठेवला तर खेळाचा पहिला अंक तयार झाला म्हणावयास हरकत नाहीं.

हा विषय आमच्या डोक्यांत घोळूं लागला तो गेल्या दिवाळींत, इंझोरीस.

इंझोरी हें वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील गांव. काळी जमीन, सोयाबीन, तूर आणि कपाशी. दिवाळीला जावें तर सोयाबीन घरांत किंवा बाजारांत गेलेलें असतें आणि तुरी फुलावर असतात. कारंजें येथून फार दूर नाहीं. नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून तें सर्वश्रुत आहे, आणि त्यांचें चरित्र ज्या गुरुचरित्रांत गायिलें आहे त्या ग्रंथाचा आरंभ अशाच एका भेटीनें होतो: गांजलेला, थकलेला नामधारक वाटेंत झोपीं जातो, स्वप्नांत त्यास एक योगी दिसतो, आणि जागा होऊन चालूं लागल्यावर तोच योगी सिद्धाच्या रूपानें समोर उभा राहतो. या मुलखांत म्हाताऱ्यानें वाटेवर भेटणें ही गोष्ट मुळीं अपूर्वाईची नाहीं.

आमचे थोरले काका वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं तेथल्या जुन्या घरांत एकटे राहतात. काकी जाऊन नऊ वर्षें झालीं. दोन मुलांपैकीं एक हैदराबादेस, दुसरा पुण्यास. नऊ एकर शेत तीन वर्षांपासून मक्त्यानें दिलेलें आहे, कारण काकांच्या एका डोळ्याची दृष्टि गेल्यासारखीच आहे व दुसऱ्याचीही जाण्याच्या वाटेवर आहे. काकांना पुण्यास न्यावें, कीं गांवांतलाच एखादा माणूस सोबतीस ठेवावा, याचा निकाल सर्वांनीं एकत्र बसून लावावा म्हणून आम्ही सारे दिवाळीस जमलों होतों. मोठ्यांच्या बैठका माजघरांत चालत. आमचा चौदा वर्षांचा मुलगा बापू आपला संगणक आणि हातांत धरावयाचें खेळयंत्र घेऊन पडवींत बसे. आणि ज्यांच्याविषयीं बैठक चाले ते काका त्या बैठकींत न बसतां बापूजवळ जाऊन बसत.

काकांना पडद्यावरचें चित्र नीट दिसत नसे. त्यामुळें काय चाललें आहे तें बापूला तोंडानें सांगावें लागे. प्रारंभीं तो कंटाळे. मग त्याला त्यांत रस येऊं लागला. एरवीं म्हातारा बोलूं लागला कीं बटण दाबून त्याचें भाषण उडवून लावण्याची बापूची रीत होती (या खेळांत तशी सोय असते, आणि ती आमच्या संसारांत नाहीं याबद्दल अनेकांना खेद वाटत असेल). परंतु काकांना म्हाताऱ्याचें बोलणेंच ऐकावयाचें असे. तेव्हां बापू थांबूं लागला, आणि इंग्रजी भाषणाचें मराठी करून सांगूं लागला.

पहिला म्हातारा भेटला तो ‘डायब्लो’ नांवाच्या खेळांतला, डेकार्ड केन. हा खेळ १९९६-९७ च्या संधीवर अमेरिकेंत निघाला. ट्रिस्ट्रम नांवाच्या उजाड गांवांत कारंज्याजवळ हा केन उभा असतो. एका जुन्या पंथाचा तो अखेरचा वारस, पोथ्या वाचलेला, भुयारांतून नायकानें आणलेली अनोळखी वस्तु पाहून तिचे गुण सांगणें हें त्याचें काम, आणि त्याबद्दल तो दर वस्तूस शंभर मोहरा घेतो. २००० सालच्या दुसऱ्या भागांत नायक त्याला पिंजऱ्यांतून सोडवितो आणि त्या उपकारापोटीं तो पुढें फुकट काम करतो. २०१२ सालच्या तिसऱ्या भागांत, एक भंगलेली तरवार जोडून देऊन तो मरतो. त्याच्या मृत्यूनें जगभरचीं मोठीं झालेलीं मुलें हळहळलीं. पंधरा वर्षें ज्याचा आवाज ऐकला तो म्हातारा गेला म्हणून हळहळणें खोटें नव्हे. आम्हांला तें हास्यास्पद वाटत नाहीं.

काकांनीं हें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, “हा बुढा जेवते कवा रे बापू?”

बापूला उत्तर देतां येईना. केन जेवतांना दिसत नाहीं. झोपतांना दिसत नाहीं. त्याला घर आहे कीं नाहीं, सर्दी होते कीं नाहीं, शंभर मोहरांचें तो काय करतो, हें कोणीं पाहिलेलें नाहीं. चोवीस तास कारंज्याजवळ उभें राहून तो नायकाची वाट पाहतो.

दुसऱ्या दिवशीं काकांनीं आणखी एक प्रश्न काढला. “एवढं सारं याले ठाऊक हाय, तं सोता काहून नाही जात लढायले?”

“आबा, तोच गेला तर गेम मी काय खेळणार?” बापू म्हणाला.

या उत्तराहून खरें उत्तर आम्हांस कोणत्याही समीक्षाग्रंथांत मिळालें नसतें. कथा रचणाराला मुलाला नायक करावयाचें आहे, म्हणून ज्याला सर्व ठाऊक आहे त्याला म्हातारा करणें भाग पडतें. जुन्या कवींना हा प्रश्न टोंचत असे आणि ते त्यावर कांहीं तरी उत्तर तयार ठेवीत. विश्वामित्र राजाला स्पष्ट सांगतो कीं, यज्ञाची दीक्षा घेतलेली असल्यामुळें मला क्रोध करतां येत नाहीं, शाप देतां येत नाहीं. म्हणून मुलगा पाहिजे. टोल्किननेंही आपल्या जादुगारांवर बंधन घातलें होतें कीं, शत्रूच्या बळाशीं त्यांनीं बळानें सामना देऊं नये. खेळ रचणारे बहुधा इतकीही दगदग करीत नाहींत. पांढरी दाढी दाखविली कीं कारण सांगितल्यासारखें झालें, असें ते समजतात.

परंतु आम्हांला त्याहून अधिक नवल वाटलें तें दुसऱ्याच गोष्टीचें. या म्हाताऱ्यांचें ज्ञान कधीं शिळें होत नाहीं. त्या जगांत हजार वर्षांपूर्वींची तरवार ही आजच्या तरवारीहून चांगली असते, जुना मंत्र नव्या मंत्राहून जबर असतो, आणि पडक्या देवळांतली पोथी ही सर्वांत अद्ययावत् पोथी असते. राज्यें बुडतात, नवीं होतात, पण नांगर बदलत नाहीं. अशा जगांत जो अधिक जगला तोच अधिक शहाणा, हें गणित आपोआप बरोबर येतें. कल्पित जगांत वृद्धाला मान मिळतो तो तेथल्या मुलांच्या विनयशीलतेमुळें नव्हे. तें जगच त्याच्या बाजूनें उभें केलेलें असतें.

इंझोरीचें जग तसें नाहीं. काकांची मूठ पंचक्रोशींत नांवाजलेली होती. ज्या वाचकांनीं तिफण पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगावयाचें तर, बैलांनीं ओढावयाच्या त्या पेरणीच्या औताला वर एक चाडें असतें, त्यांत मुठीनें बी सोडीत चालावें लागतें, आणि तें नळ्यांतून खालीं तीन तासांत पडतें. मूठ कमी पडली तर पीक विरळ, अधिक पडली तर दाट. आणि बैलांची चाल, जमिनीची ओल व बियाण्याचा आकार या तिहींचा हिशेब बोटांच्या पेरांनीं करावयाचा. मृगाचा पाऊस पडला कीं काकांना दुसऱ्यांच्या शेतांतून बोलावणें येई. आज तें काम ट्रॅक्टरमागचें पेरणीयंत्र करतें, आणि चांगलें करतें. काका स्वतःच तसें म्हणतात. त्यांना त्याबद्दल कडवटपणा नाहीं. पण ती मूठ अजून त्यांच्या हातांत आहे. बोलतां बोलतां अंगठा तर्जनीवरून सरकतो, आणि पाहणाराला वाटतें कीं ते जपाचे मणी ओढीत आहेत.

खेळांतल्या म्हाताऱ्याजवळ तरवार असते आणि ती घेणारा गुहेच्या दाराशीं येतोच येतो; त्यावांचून खेळ सुरूच होत नाहीं. गुहा आहे, म्हातारा आहे, हातांत द्यावयाची वस्तु आहे, आणि घेणारा हैदराबादेस नोकरीला आहे, असा खेळ अजून कोणीं काढलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. माजघरांतल्या बैठकींत पुण्याच्या बंधूंनीं मनापासून सांगितलें कीं, आमच्याकडे स्वतंत्र खोली आहे, डॉक्टर जवळ आहे, बाग आहे. काकांनीं पडवींतून एवढेंच विचारलें, “पुन्यात मले काम काय?” त्याला कोणाजवळ उत्तर नव्हतें, आणि जीं दिलीं गेलीं तीं न दिलीं असतीं तर बरें झालें असतें. विश्रांति घ्या, देवाचें करा, दूरदर्शन पहा. बिनकामाचा म्हातारा खेळांत नसतोच. त्याचें काम संपलें कीं रचणारा त्याला शत्रूच्या हातून मारवितो, किंवा प्रकाशांत विरघळवितो. पोलंडमध्यें रचलेल्या ‘विचर’ नामक खेळाच्या तिसऱ्या भागांत (२०१५) नायकाचा वृद्ध गुरु वेसेमिर असाच एका लढाईंत पडतो. प्रसंग उत्तम रंगला आहे, आणि बापूच्या डोळ्यांत तेव्हां पाणी आलें होतें. नंतरचीं वीस वर्षें मात्र कोणाला निस्तरावीं लागलीं नाहींत.

काकांना मनापासून आवडला तो म्हातारा निराळा. १९८६ सालीं जपानांतील निन्टेंडो कंपनीनें ‘झेल्डा’ हा खेळ काढला. त्याचा कर्ता शिगेरु मियामोतो; लहानपणीं क्योतोजवळच्या आपल्या गांवाभोवतीं रानांतून, गुहांतून भटकण्याची त्याला हौस होती आणि त्या भटकण्यांतूनच हा खेळ सुचला असें तो सांगत आला आहे. पहिल्याच गुहेंत दोन जाळांच्या मध्यें एक म्हातारा उभा. त्याला नांव नाहीं. एका वाक्यापुरता तो बोलतो, लाकडी तरवार देतो आणि दिसेनासा होतो. लाकडी तरवार! पुढें बळ वाढलें म्हणजे दुसऱ्या गुहांतून दुसरे म्हातारे अधिक चांगल्या तरवारी देतात आणि ही पहिली निकामी होते. एवढ्यानें काका प्रसन्न झाले नाहींत. पण त्याच खेळांत नायक खजिना मिळेल या आशेनें डोंगराच्या भिंती सुरुंगानें उडवीत फिरतो. आणि अशी एक भिंत फोडून बापू आंत शिरला, तों तेथें एक म्हातारा उभा. त्यानें ना तरवार दिली, ना भविष्य सांगितलें. माझें दार फोडलेंस त्याची भरपाई दे, असें म्हणून त्यानें वीस नाणीं कापून घेतलीं. त्या नाण्यांचें नांवही योगायोगानें आपल्या रुपयासारखेंच आहे. बापू चिडला. काका इतके हंसले कीं त्यांना ठसका लागला.

“हा खरा बुढा! दार फोडलं तं पैसे नाही मांगन काय तो?”

आम्ही तेव्हां जवळच बसलों होतों, आणि काकांच्या हंसण्याचा अर्थ लावण्यांत आमची ती संध्याकाळ गेली. इतके सर्व ज्ञानी म्हातारे पाहिले, पण कोणालाही स्वतःचें असें कांहीं नव्हतें. त्यांचें सारें ज्ञान, वेळ, प्रेम आणि शेवटीं प्राण हीं नायकाच्या सोयीसाठीं. या एकाला दार होतें. तें मोडलें तर त्याला वारा लागणार होता. नायकाच्या पराक्रमाशीं त्याला कांहीं कर्तव्य नव्हतें, आणि म्हणूनच शेंदोनशें गुहांच्या त्या जगांत आपल्याआधींही कोणी राहत होतें, ही जाणीव खेळणाराला प्रथम होते ती त्याच्यापाशीं.

त्याच मालिकेंतील २०१७ सालच्या खेळांत, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मध्यें, काकांच्या पहिल्या प्रश्नाचेंही उत्तर मिळालें. शंभर वर्षांच्या झोपेंतून उठलेल्या नायकाला पठारावर एक म्हातारा भेटतो. हा शेकोटीपाशीं बसून सफरचंद भाजतो. त्याची एक झोंपडी आहे. झोंपडींत त्याची रोजनिशी आहे, आणि तींत एका तिखट पक्वान्नाची कृति लिहिलेली असून तिच्यांतला एक जिन्नस तो विसरला आहे. नायकानें तो जिन्नस ओळखून पदार्थ करून नेला तर म्हातारा खूष होतो आणि थंडीसाठीं ऊबदार बंडी देतो. नाहीं नेला तरी खेळ अडत नाहीं. बापू हा खेळ दोन वर्षांपूर्वींच संपवून बसला होता. पण रोजनिशी त्यानें वाचली नव्हती. काका जेवणाचें विचारतात म्हणून तो मुद्दाम परत गेला, ती शोधून वाचली, मांस, मिरची आणि तळ्यांतला मासा एकत्र शिजवून म्हाताऱ्याला नेऊन दिला, आणि आत येऊन आईला आनंदानें सांगितलें कीं म्हातारा जेवला. पुढें तो म्हातारा म्हणजे शंभर वर्षांपूर्वींच मेलेला राजा होता असें कळतें. काकांना तें फारसें पटलें नाहीं. भूत झालें तरी जेवणाची चव विसरलें नाहीं, एवढें मात्र त्यांनीं मान्य केलें.

आमच्या जुन्या मराठीला हें जेवणाचें महत्त्व ठाऊक होतें, हें येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. वऱ्हाडांतच, अमरावती जिल्ह्यांत, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकांत चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य या रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या आश्रयास राहिले, आणि म्हाइंभटानें ज्याच्या त्याच्याजवळ जाऊन आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. गुरु निघून गेल्यावर शिष्यांनीं काय जपलें म्हणून पाहावें, तर सिद्धांत आहेतच. पण त्यांच्या जोडीला गुरु कोणत्या गांवीं उतरले, कोणत्या देवळांत निजले, काय जेवले, कोणाला काय बोलले, हेंही आहे. गोविंदप्रभूंच्या चरित्रांत तर ते मुलांत खेळतात, बाजारांतले पदार्थ उचलून तोंडांत टाकतात, लोक त्यांना वेडे म्हणतात. असा गुरु पडद्यावर आणावयाचें धैर्य कोणाला होईल असें वाटत नाहीं. दाढी चिकटविणें त्याहून सोपें.

येथल्या मंडळींनीं काय केलें म्हणून आम्हीं चौकशी केली. पुण्यास नॉडिंग हेड्स गेम्स या नांवाची एक संस्था आहे; तिनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ काढला आणि त्या वर्षीं जागतिक पारितोषिकांच्या नामावळींत पहिल्या कृतींच्या वर्गांत त्याची गणना झाली. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला असुर पळवितात, आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. कथा सांगतात दुर्गा व विष्णु, आपसांत बोलत; मधले प्रसंग चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांप्रमाणें दाखविले आहेत, आणि ते फार सुंदर आहेत. परंतु म्हाताऱ्याची जागा येथें देवांनीं घेतली आहे, आणि देवांना वय नसतें. त्यांना दाराची किंवा डोळ्यांची काळजी नसते. काका हात जोडून ऐकत राहिले. त्यांनीं एकही प्रश्न विचारला नाहीं. आम्हांला तें थोडें चुकल्यासारखें वाटलें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं बापूनें ‘स्कायरिम’ काढला. हा २०११ सालचा अमेरिकन खेळ. यांत सात हजार पायऱ्यांच्या वर, डोंगरावरच्या मठांत करड्या दाढीच्या मौनी म्हाताऱ्यांचा एक पंथ राहतो, आणि त्याहीवर, अगदीं शिखरावर, त्यांचा गुरु राहतो. हा गुरु मनुष्य नसून एक अतिवृद्ध उडता सर्प आहे. पार्थुर्नाक्स त्याचें नांव. पूर्वीं तो दुष्टांच्या बाजूस होता, त्यानें अनन्वित क्रौर्य केलें, मग त्याचें मन पालटलें, आणि ज्या विद्येनें त्याच्या जातीचा पराभव होऊं शकतो ती विद्या त्यानेंच माणसांना शिकविली. नायकालाही तो शिकवितो. यानंतर नायकाच्या बाजूचेच कांहीं वीर त्याला म्हणतात, या म्हाताऱ्याचे जुने गुन्हे आम्ही विसरलों नाहीं. त्याला मारून ये, नाहीं तर आमचें साहाय्य मिळणार नाहीं. मारावें कीं न मारावें, हें खेळणारानेंच ठरवावयाचें.

बापूनें तें काकांना सांगितलें आणि विचारलें, “आबा, काय करू?”

“त्यानं याले शिकवलं ना?”

“हो.”

“मंग इचारतं काय?”

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग काकाच म्हणाले कीं, गोष्ट तितकी सोपी नाहीं. पांडव नवव्या दिवशीं रात्रीं भीष्माकडे गेले होते, आणि तुम्हांला कसें मारावें असें त्यांनीं त्यालाच विचारलें होतें, आणि त्यानें तें सांगितलें होतें. शिखंडीला पुढें घाला म्हणाला. आणि बाणांवर पडल्यावर अठ्ठावन्न रात्री तो तसाच होता, आणि त्यांतच राजाला शांतिपर्व सांगत होता. तेव्हां आधीं त्या बुढ्यालाच विचारून पाहा.

खेळांत तशी सोय निघाली. बापूनें नायकाला पुन्हां शिखरावर नेलें आणि त्या वृद्ध सर्पाला सांगितलें कीं, ते लोक तुला मारावयास सांगत आहेत. त्यावर तो जें बोलला त्याचें मराठी बापूनें असें केलें: त्यांचें बरोबर आहे, माझ्यावर विश्वास न ठेवण्यांत शहाणपण आहे, मीही माझ्या जातीच्या कोणावर ठेवला नसता. काकांनीं “पुन्हा सांग” म्हटलें. बापूनें पुन्हां सांगितलें. माजघरांत त्याच वेळीं ठरत होतें कीं, मक्तेदाराच्याच घरचा एक माणूस रात्रीं सोबतीस झोपावा, दोन्ही वेळचा डबा त्यांच्याकडून यावा, आणि चैत्रांत डोळ्याचें पुन्हां एकदां पाहावें. काका आत गेले, हो म्हणाले, आणि परत पडवींत येऊन बसले.

बापूनें तो सर्प मारला नाहीं. न मारण्याचेंही त्या खेळांत कोठें बटण नाहीं. दिलेलें काम यादींत अपुरें राहतें, एवढेंच. पुण्यास आल्यापासून दर रविवारीं काकांचा फोन येतो. प्रकृति, तुरीचा भाव, डबा वेळेवर येतो कीं नाहीं हें आमच्याशीं बोलून झालें, म्हणजे ते बापूला बोलावण्यास सांगतात, आणि त्या बुढ्याचें काय केलेंस म्हणून विचारतात. बापू म्हणतो, “अजून तसाच आहे, आबा.”